पडलेल्या साइटचा पंचनामा

साहेब, वाचनालयाला कुलूप तुम्ही लावलंत. सील करायची लाख घेऊन आला तो तुमचा शिपाई, सही केली ती तुमच्या अभियंत्यानं, पण हुकूम कुणाचा होता हे आमच्या गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक आहे. आणि कुलूप कशासाठी? तर जिला भिंत नाही, छप्पर नाही, जी हाताला लागत नाही, अशी एक वस्तू पडली म्हणून. तुम्ही म्हणाल, कागदपत्रं बघावी लागतील. बघा, सावकाश बघा. तोवर चिटणिसांची हकीकत ऐकून घ्या. तुमच्या कागदपत्रांत ती सापडायची नाही.

चिटणीस म्हणजे वाचनालयाचे चिटणीस. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घातला. मापात पाप करणारा त्यांना चालण्यावरून ओळखू येई. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की त्याला तपासायला घर उरतं. चिटणिसांनी आधी दूधवाल्याचं माप तपासलं, मग साखरेचा चमचा, मग भाजीतलं मीठ. एका सकाळी ते स्वयंपाकघरात जुना काटा घेऊन उभे दिसले, तेव्हा बायकोनं गॅस बंद केला आणि शांतपणे सांगितलं, "अहो, तुम्ही बाहेर कुठं तरी काहीतरी व्हा." म्हणून ते चिटणीस झाले. तेव्हापासून दिवसा ते वाचनालयात आणि संध्याकाळी घरी, असा त्या संसाराचा तोल होता. दोन्ही पारडी समान. काटा मध्यावर.

वाचनालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खोल्या तुमच्या खात्याच्या. मान्यता आहे तोवर वापरा, मान्यता गेली की खाली करा, असा करार. आणि तुमचा हुकूम आला: प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयानं वर्ष संपायच्या आत स्वतःचं संकेतस्थळ निर्माण करावं, नाहीतर मान्यता रद्द. म्हणजे हिशेब सरळ होता. संकेतस्थळ नाही तर मान्यता नाही, मान्यता नाही तर खोल्या नाहीत, खोल्या नाहीत तर चिटणीस घरी. हा शेवटचा टप्पा बायकोनं हुकूम न वाचताच ओळखला आणि हातातली पातेली जपून खाली ठेवली.

समितीची बैठक बसली. अध्यक्ष होते एक निवृत्त दंतवैद्य. जन्मभर समोरच्याचं तोंड उघडं आणि भरलेलं असताना बोलायची सवय, त्यामुळे आपल्या प्रश्नाला कुणी उत्तर देईल ही अपेक्षाच त्यांनी सोडलेली. त्यांनी विचारलं, संकेतस्थळ म्हणजे काय, आणि उत्तराची वाट न बघता कपाटातला जुना शब्दकोश काढला. शब्दकोश वाचनालयाइतकाच जुना. त्यात अर्थ होता: प्रियकर आणि प्रेयसी यांनी गुपचूप भेटण्यासाठी ठरवलेली जागा.

शब्दकोश हातोहात टेबलाभोवती फिरला. मग ग्रंथपाल बाई रजिस्टरातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "ती सोय चरित्रांच्या कपाटामागं आधीपासून आहे. चरित्रं कुणी वाचत नाही ना."

त्यांनीच मग सांगितलं की हल्ली ह्या शब्दाचा अर्थ वेबसाइट. पण अध्यक्षांचं समाधान होईना. हल्ली काही का असेना, छापलेलं आहे ते आहे. सरकारदरबारी आपण लिहून द्यायचं की आमच्या संस्थेनं संकेतस्थळ उघडलं आहे, सर्वांनी लाभ घ्यावा? उद्या कुणी शब्दकोश उघडला तर? अखेर ठराव झाला. सदर शब्द संस्थेच्या पत्रव्यवहारात वापरू नये, त्याऐवजी नुसतं 'साइट' लिहावं. ठराव एकमतानं मंजूर. पुढची सगळी माती ह्या एकमतानं खाल्ली.

सगळ्यात खूश झाला कंत्राटदार. हा चिटणिसांचा शेजारी आणि समितीचा सभासद, इमारती बांधणारा. 'साइट' हा शब्द त्यानं आयुष्यभर वापरला होता, आणि बहुतेक वेळा तिथं नसताना. बायको शोधत असो, घेणेकरी शोधत असोत, याचं उत्तर एकच: साइटवर आहे. तो म्हणाला, "साइट म्हटल्यावर चिंता सोडा. वीट काय अन् वेब काय, काम करून घ्यायची रीत एकच."

रीत त्यानं चिटणिसांना जिन्यात थांबवून शिकवली. माणूस बाहेरचाच घ्यावा. ओळखीचा घेतला की काम होत नाही आणि ओळखही जाते. गोड बोलणारा घेऊ नये. न बोलणारा तर मुळीच घेऊ नये. आणि काम सुरू झालं की मजुराच्या डोक्यावर उभं राहायचं. पाठ वळली की सिमेंट पळतं.

चिटणीस बाहेरचा माणूस शोधायला निघाले. आधी गेले एका काचेच्या कचेरीत. तिथल्या माणसानं त्यांना मऊ खुर्चीत बसवलं, ती त्यांना घेऊन मागं कलंडली, आणि ते आडवे असतानाच त्यानं विचारलं, तुमचं व्हिजन काय आहे. चिटणिसांनी चष्म्याचा नंबर सांगितला. डावा वेगळा, उजवा वेगळा, दोन्ही सांगितले. त्या माणसानं दोन्ही लिहून घेतले, हे त्यांना आवडलं. पुढं त्यानं पहिल्या टप्प्यात फक्त चर्चा होईल असं सांगितलं, तेव्हा ते उठले. चर्चेसाठी समिती होती.

दुसरा इसम भेटतच नव्हता, फक्त संदेश पाठवायचा. चिटणिसांनी विचारलं, काम कधी सुरू करता? त्यावर उत्तर आलं, तिकीट काढा. चिटणिसांनी विचारलं, कुठलं? उत्तर आलं, साइटवरून काढा. साइट नाही म्हणूनच तर आलोय, असं चिटणिसांनी कळवलं. त्यावर उत्तर आलं की तुमचं तिकीट बंद करण्यात आलं आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

तिसरा मिळाला तो वेबवाला. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत बसायचा. खोलीला खिडकी नव्हती, पण संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडी होती आणि त्यातून डोंगर दिसायचे. सगळं ऐकून तो म्हणाला, "होऊन जाईल, काका." चिटणिसांनी आजवर 'होऊन जाईल' म्हणणाऱ्या कित्येकांचे परवाने रोखले होते. पण वर्ष सरत आलं होतं आणि घरी बायको जेवण वाढताना रोज विचारत होती. त्यांनी होकार दिला.

दुसऱ्या दिवसापासून चिटणीस वेबवाल्याच्या मागं उभे राहू लागले. डबा, छत्री आणि फूटपट्टी घेऊन. वेबवाल्यानं एक-दोनदा खुर्ची पुढं केली, पण बसून नजर ठेवता येत नाही हे कंत्राटदारानं बजावलं होतं. पहिलं पान तयार झालं तेव्हा चिटणिसांनी पुढं वाकून पडद्याला फूटपट्टी लावली. डावा समास उजव्यापेक्षा जास्त भरला.

"काका, इथं मोजून उपयोग नाही," वेबवाला म्हणाला. "फोनवर हे वेगळं दिसतं."

"म्हणजे माप बदलतं?"

"हो ना. समोरचा जसा असेल तसं आपोआप बदलतं."

चिटणिसांनी फूटपट्टी खाली घेतली. गिऱ्हाईक बघून माप बदलणाऱ्या एका धान्यवाल्यावर त्यांनी खटला भरला होता, त्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. इथं तीच गोष्ट हा माणूस गुण म्हणून सांगत होता. मग त्यांनी विचारलं की एकूण साइट केवढी होईल. वेबवाल्यानं काहीतरी एमबी सांगितलं. ते वजन की माप, असं विचारल्यावर मात्र वेबवाल्यानं कानात गाणी घातली आणि ती शेवटपर्यंत काढली नाहीत.

अध्यक्षांनी वेगळंच काढलं. साइटवर समितीचे फोटो होते, ते एकामागून एक सरकत. अध्यक्षांचा पहिला होता, पण क्षणभर दिसून ते डावीकडं निघून जात आणि मागून कंत्राटदार येई. अध्यक्षांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, मला घालवलं का? परत येता असं सांगितल्यावर ते संगणकासमोर बसले आणि आपली वाट बघू लागले. ते येत, हसत, जात. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी राजीनाम्याची भाषा केली. शेवटी त्यांचा फोटो खिळवून ठेवला आणि बाकीची समिती त्यांच्या कडेनं सरकू लागली.

काम रोज "थोडंच राहिलंय" इथवर आलेलं असे. कंत्राटदार म्हणे, बरोबर आहे, घर उभं राहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच खिडक्यांच्या कड्या बसायला लागतो. चिटणिसांच्या बायकोला कड्यांशी देणंघेणं नव्हतं.

"अहो, होईल ना ते वेळेत?"

"होईल."

"आणि नाही झालं तर?"

"तर मी आहेच घरी."

बायकोनं आमटीत पळी सोडली ती तशीच राहिली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "उद्या मीही येते त्याच्या डोक्यावर उभी राहायला. तुम्ही उजवीकडून, मी डावीकडून."

आल्या. वेबवाल्यानं मान वळवून दोघांकडं पाहिलं आणि संध्याकाळच्या आत साइट पूर्ण केली. बाहेरचं तांत्रिक साहाय्य कसं मिळवावं, याचं एवढंच शास्त्र आहे.

उद्घाटन करायचं तर फीत हवी. फीत कपाटाच्या मुठीपासून संगणकापर्यंत बांधली. सगळ्या वाचकांना आपापल्या फोनवर एकाच वेळी साइट उघडायला सांगितलं होतं, म्हणजे ती सगळ्यांची आहे हे सिद्ध होईल. अध्यक्षांनी कात्री चालवली, टाळ्या झाल्या, सगळ्यांची बोटं एकदम पडली, आणि पडदा पांढराफटक झाला.

वेबवाल्यानं इकडंतिकडं खुडबुड केली. "साइट पडली," तो म्हणाला. "लोड आला, काका. एवढी माणसं एकदम आत शिरल्यावर पडणारच."

कंत्राटदारानं सवयीनं वर छताकडं पाहिलं. म्हणाला, मी आधीच सांगत होतो, पाया बघून घ्या.

चहाचे कप गोळा होईपर्यंत साइट परत उभी राहिली. ठणठणीत. वर लिहिलेलं: आपलं स्वागत आहे, वाचनालय आपल्यासाठी सदैव उघडं आहे. विषय इथंच संपायला हवा होता. तुमच्या खात्याला दोन ओळी कळवायच्या, झालं. पण कळवणारे होते चिटणीस. ज्यानं आयुष्यभर लपवाछपवी पकडली, तो स्वतः लपवेल? ग्रंथपाल बाई म्हणाल्या, जाऊ द्या ना, पडली आणि उठली, लहान मूल पडलं तर आपण पत्र लिहितो का? चिटणिसांनी लिहिलं. ठरावाप्रमाणे तो चावट शब्द टाळून लिहिलं: "संस्थेची साइट उभी राहिली आहे. उद्घाटनाच्या वेळी एकदम बरीच माणसे आत शिरल्याने भार सहन न होऊन ती पडली. त्याच दिवशी पुन्हा उभी केली." आणि कंत्राटदाराच्या आग्रहावरून शेवटी एक वाक्य घातलं: "जीवितहानी नाही." तो म्हणाला, हे वाक्य कुठल्याही अहवालात शोभून दिसतं.

साहेब, हे पत्र तुमच्या टेबलावर आलं. साइट कुठली, हे विचारायला तुम्हाला एक फोन पुरला असता. तुमच्याच हुकमाला आलेलं ते उत्तर होतं. तुम्ही वर 'योग्य कार्यवाहीसाठी' एवढं लिहिलंत आणि ते बांधकाम विभागाकडं ढकललंत.

अभियंता आला तो डोक्यावर बांधकामावरचा टोप घालून, हातोडी आणि मोजायची फीत घेऊन. फीत बघून चिटणिसांना तो आपला माणूस वाटला. त्यानं भिंतींवर टकटक केली, खांबांना कान लावला आणि पडलेला भाग दाखवा म्हणाला.

"आता पडलेली नाही. उभी आहे," चिटणीस म्हणाले.

"कुणी उभी केली?"

"वेबवाल्यानं."

"इतक्या लवकर? साहित्य कुठून आणलं?"

"त्याच्याकडं तयार साचा असतो म्हणे."

"आणि आधीचं सगळं कुठं टाकलंत?"

हे चिटणिसांना ठाऊक नव्हतं. त्यांनी वेबवाल्याला फोन लावला, ऐकून घेतलं आणि अभियंत्याला जसंच्या तसं सांगितलं. "सगळं ढगात ठेवलंय म्हणतो."

अभियंत्यानं खिडकीतून वर पाहिलं. मग टोप काढून खुर्चीवर बसला. ग्रंथपाल बाईंनी आपला फोन त्याच्यापुढं धरला. त्यावर अध्यक्ष हसत होते आणि त्यांच्या कडेनं समिती सरकत होती.

"म्हणजे वेबसाइट," तो म्हणाला. "मग सरळ संकेतस्थळ लिहायचं की. चांगला शब्द आहे."

अध्यक्षांनी शब्दकोश पुढं केला. अभियंत्यानं अर्थ वाचला, पुन्हा वाचला, आणि शब्दकोश आदबीनं मिटला. मूर्ख माणूस नव्हता तो, साहेब. तुमच्या खात्यात असूनही नव्हता. त्याला सगळं कळलं होतं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

"हे बघा काका," तो म्हणाला, "मला पंचनामा लिहावाच लागणार, आणि त्यात रकाना फक्त इमारतीचा आहे. काही पडलं नाही असं लिहिलं, तर तुमचं पत्र खोटं ठरतं. खोटं पत्र दिलं म्हणून मान्यता जाते. पडलं असं लिहिलं, तर मान्यता राहते. पण मग जागा धोकादायक. खोल्यांना सील. काय लिहू ते तुम्ही सांगा."

मान्यता गेली तरी खोल्या जाणार, मान्यता राहिली तरी खोल्या बंद. चिटणीस त्याच्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असून काटा दोन्हीकडं झुकवायचा, ही कारागिरी त्यांनी नोकरीत फक्त दोघा-तिघांच्या हातात पाहिली होती. कंत्राटदार कानाशी कुजबुजला की नजरचूक झाली म्हणा, माफी मागा, चार दिवसांत सगळं मिटेल. पत्र मागं घ्या.

चिटणिसांचं पत्र खोटं नव्हतं. साइट उभी राहिली होती, माणसं शिरली होती, ती पडली होती, आणि खरोखरच जीवितहानी झाली नव्हती. एवढं तोलून लिहिलेलं पत्र त्यांनी उभ्या नोकरीत लिहिलं नसेल.

"पडली असं लिहा," ते म्हणाले.

दाराला लाख लागली. आतल्या खुंटीवर चिटणिसांची छत्री राहिली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "एक शब्द बदलायचा होता हो."

"खोटा ठरलो असतो."

"आणि आता खरे ठरलात, तर बसणार कुठं?" बायकोनं स्वतःचा फोन त्यांच्यापुढं सरकवला. "साइट उघडी आहे ना तुमची? बसा तिच्यात."

चिटणीस बसले. वाचकांचे निरोप येऊन पडले होते. सदैव उघडं आहे असं लिहिलंय, मग दाराला कुलूप का, पुस्तक परत कुठं करायचं, आणि एकाचा, चरित्रांच्या कपाटामागं माझा रुमाल राहिला आहे. दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी साखरेचा डबा उघडला. तिसऱ्या दिवशी माळ्यावरचा काटा खाली आला. बायकोनं तो त्यांच्या हातातून घेतला, पदरानं पुसला, परत माळ्यावर ठेवला, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, चला.

दोघं तुमच्या कचेरीत आली. सील काढण्याचा अर्ज तुम्ही कागदावर घेत नाही, फक्त तुमच्या खात्याच्या साइटवर घेता. खिडकीवर रांग होती. आपली पाळी आल्यावर चिटणीस उजवीकडून उभे राहिले, बायको डावीकडून. कारकुनानं पडद्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "साइट पडली आहे. नंतर या."

चिटणिसांनी वर छताकडं पाहिलं. मग ते मागं वळले आणि आवाज न चढवता रांगेला म्हणाले, "सगळ्यांनी शांतपणे बाहेर व्हा. ह्या खात्याची साइट पडली आहे. आत थांबणं धोक्याचं आहे." रांग बाहेर झाली. सरकारी आवाज लोकांना बरोबर कळतो. शिपाईही बाहेर झाला. कारकून दारापर्यंत येऊन परत फिरला, कारण त्याचा डबा आत राहिला होता.

चिटणिसांनी तिथंच कठड्यावर कागद ठेवून बांधकाम विभागाला पत्र लिहिलं: आपल्या खात्याची साइट पडली आहे, माणसे आत असताना पडली आहे, जीवितहानी नाही, योग्य कार्यवाही व्हावी. पोच घेतली. ती पोच बघून बायको कितीतरी दिवसांनी हसल्या.

तेव्हापासून चिटणीस वाचनालयाच्या जिन्यात बसतात. सील दाराला आहे, जिन्याला नाही. घडीची खुर्ची बायकोनंच आणून दिली, वर उशीही दिली. वाचक परत करायची पुस्तकं तिथं आणतात आणि एकमेकांत बदलून घेतात. ग्रंथपाल बाई पायरीवर रजिस्टर घेऊन बसतात. सायकलवाला म्हणतो, गर्दी आधीपेक्षा वाढली. पण जिना अरुंद आहे आणि छत्री अजून आतच आहे.

तर साहेब, कागदपत्रं बघून झाली असतील. आमची साइट चहा पिऊन होईपर्यंत पडलेली होती, तर तुम्ही हातोडी घेऊन आलात आणि दाराला लाख लावलीत. तुमची अजून तोंड वर करून पडली आहे. हातोडी कुठं आहे? पंचनामा कोण करणार? तुमच्या दाराला सील कधी लागतं? आणि लागणार नसेल, तर आमच्या दाराला कुठल्या मापानं लागलं? तेवढं माप दाखवा. चिटणीस ते तपासतील.

उत्तर लेखी हवं. साइटवर टाकू नका, ती पडलेली आहे. जिन्यात आणून द्या.